एकाच कांडीतली दोघं

कांडी एकच होती आणि तिच्यात दोघं होती. गर्भ गोठवायच्या प्लॅस्टिकच्या एका कांडीत एकच गर्भ ठेवायचा, हे पशुवैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. डॉ. हर्षदा देवकातेलाही ठाऊक होतं. पण ‘अति घाई संकटात नेई’ ही पाटी घाटात वाचायला ठीक. ज्या दिवशी स्वतःच्या बापाची घोडी स्वतःच्या हातानं मारायची असते, त्या दिवशी ती कुणाला आठवते?

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. चिलटांमधून पसरणारा एक विषाणू कुठूनसा आला. घोड्याच्या फुप्फुसांत पाणी भरायचं आणि उभं जनावर नाकातोंडातून फेस गाळत कोसळायचं. लोकांनी त्याला ‘फेसाटी’ असं नाव दिलं. लस नव्हती. सरकारनं हुकूम काढला, की ज्या तालुक्यात एक घोडं आजारी सापडेल तिथली सगळी घोडी मारायची. दख्खनच्या माळावर धनगरांचं बिराड पाठीवर घेऊन पिढ्यान् पिढ्या चाललेली ती बुटकी, काटक घोडी दोन हिवाळ्यांत संपली. हर्षदा तेव्हा तालुक्याची पशुधन अधिकारी होती. तिचे वडील, बिराआबा, त्याच तालुक्यात मेंढरं राखत होते.

आबांची घोडी पाखरी आजारी नव्हती. चांगली खडखडीत होती. वाटेत ओढा आला की आधी स्वतः उतरून बघायची आणि मगच मागच्या कळपाला येऊ द्यायची. हर्षदाला दुसरा डॉक्टर पाठवता आला असता. परक्याच्या हातून नको म्हणून ती स्वतः गेली. आबांनी दावं धरलं, तिनं सुई टोचली. त्याआधी तासभर तिनं एकच गोष्ट करून घेतली. पाखरीला घोडा लावून आठवडा झाला होता. हर्षदानं नळी घालून तिची कूस धुतली, आणि त्या पाण्यात तिला गर्भ सापडले. एक नव्हे, दोन.

घोडीचा गर्भ गोठवणं हे गाईचा गर्भ गोठवण्याइतकं सोपं नसतं. आठवड्याभरात तो पाण्यानं टम्म फुगतो, आणि वर एक चिवट कवच धरतो. तसाच गोठवला तर आतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि सुयांसारखे पेशी फाडतात. म्हणून कवचाला केसाहून बारीक सुईनं भोक पाडायचं, आतलं पाणी ओढून घ्यायचं, काकवीसारखं दाट औषध आत भरायचं आणि क्षणात द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचं. मग बर्फ होत नाही, काच होते. त्या काचेत काळ थांबतो. दहा वर्षांनी काढा नाहीतर पन्नास, गर्भ आठवड्याचाच राहतो.

हे सगळं हर्षदानं रडत रडत, जीपच्या मागच्या फळीवर केलं. हाताशी कांडी एकच होती. बाहेर पोलीस पाटील घड्याळ बघत होता. तिनं दोन्ही गर्भ तिच्यातच घातले आणि तोंड बंद केलं.

“आबा, पाखरी परत आणीन मी,” ती म्हणाली होती.  आबा पुढं दोन वर्षं तिच्याशी बोललेच नाहीत. नंतर बोलू लागले ते जेवलीस का, पाऊस हाय का, एवढंच.

*

लस निघाली, बंदी उठली, हर्षदा नीरेकाठच्या अश्वपैदास केंद्रात रुजू झाली. पण तोवर घोड्यांवाचून लोकांचं काही अडेनासं झालं होतं. बिराड बॅटरीच्या टेंपोतून जाई. मेंढरं मोजायला ड्रोन आला होता. निम्मी गायरानं सोलरच्या तावदानांखाली गेली होती. वर कुणीतरी विचारलं, की या टाक्यांत नायट्रोजन ओततोय तो कुणासाठी?  मार्चअखेर टाक्या रिकाम्या करा, असा आदेश आला.

टेंपो जिथं जात नाही तिथंही गवत असतं, हे आबांना ठाऊक होतं. ते अजून डोक्यावर बोजा घेऊन डोंगर चढत होते, सत्तरीला टेकले असतानाही. हर्षदाचा भाऊ धुळा दरवर्षी म्हणायचा, “आबा, इकू आता.” आणि आबा दरवर्षी म्हणायचे, “पाखरीचं शिंगरू येऊ दे. मग बघू.” लेकीशी धड न बोलणारा हा माणूस लेकीनं दिलेल्या शब्दावर सात वर्षं कळप ओढत होता.

गर्भ पोटात वाढवायला काठेवाडहून चार घोड्या आणल्या. विलगीकरणात तीन नापास झाल्या. उरली एक धिप्पाड, शांत, तपकिरी घोडी. केंद्रातले सगळे तिला गुजरी म्हणत. तिच्या ऋतूचा मेळ बसवून हर्षदानं कांडी वितळवली. वितळवलेलं पुन्हा गोठवता येत नाही, आणि घोडी तर एकच होती. केंद्राचे संचालक निमकर सर काचेतून बघत म्हणाले, “दोन्ही सोड. दोनातलं एक जगलं तरी देव पावला म्हणायचं.”

तिनं दोन्ही सोडले.

*

आबांची मेंढरं तेव्हा जवळच होती. पहिल्या सोनोग्राफीला हर्षदानं आबांना बोलावून घेतलं. बोलवायला नको होतं. पण सात वर्षांनी बापाला काहीतरी दाखवण्यासारखं तिच्याकडं आलं होतं, आणि त्या आनंदात माणसाला फार पुढचं दिसत नाही.

आबा बिरोबाचा भंडारा घेऊन आले. गुजरीच्या कपाळाला लावला आणि पडद्यासमोर उकिडवे बसले.

“ह्ये काळं काय?”

“हाच गर्भ, आबा. पाण्याचा गोळा दिसतोय ना, तो.”

“आन् त्यो पल्याडचा?”

 हर्षदानं नळी थोडी फिरवली. दुसरा गोळा हलला नाही, नाहीसाही झाला नाही. शेजारच्या संगणकानं लाल चौकट काढली : दोन गर्भ. एक कमी करावा.

“जुळं हाय व्हय गं?” आबांचा आवाज चढला. “आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! पाखरे, काय केलंस बघ!” ते हसले. हर्षदाच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला, तो भंडाऱ्यानं पिवळा झालेला हात. सात वर्षांत पहिल्यांदा.

त्या हाताखाली बसून तिला सांगावं लागलं. “आबा, दोन चालत नाहीत घोडीला.”

“का न्हाई? मेंढीला दोन हुत्यात. तीन बी हुत्यात. म्या सोता बाटली पाजून जगवल्यात.”

“मेंढीचं वेगळं असतं. मेंढीच्या पिशवीला आतून बोंडं असतात, शंभरेक. दोन कोकरं असली की ती निम्मी निम्मी वाटून घेतात. घोडीला बोंडं नसतात. तिची सगळी पिशवीच आतून मखमलीसारखी असते, आणि एका शिंगराला ती सगळीच्या सगळी लागते. दोन असली की मधे एकमेकांना टेकतात. तेवढ्या भागात कुणालाच रक्त मिळत नाही. दोघं उपाशी राहतात, आणि सातव्या-आठव्या महिन्यात घोडी गाभडते. दोघंही जातात, आबा. बहुतेक वेळा दोघंही.”

“मग काय करायचं म्हनतीस?”

“एक काढायचं. आत हात घालून बोटानं दाबलं की फुटतं. अजून त्याला काळीज नाही, काही नाही. दुसरं मग नीट वाढतं.”

आबा पडद्याकडं बघत राहिले. “कंचं?”

“जे लहान असेल ते.”

“दोनी सारखीच दिसत्यात की गं.”

दिसत होती खरी. हर्षदानं मापं घेतली तरी फरक सांगण्याजोगा नव्हता.

यानंतर तिनं जे केलं ते कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. तिनं बापाला विचारलं. “करू का, आबा?”

आबांनी तिच्याकडं पाहिलं नाही. गुजरीच्या पोटाकडं पाहत म्हणाले, “पाखरीच्या येळंला म्या दावं धरून हुबा ऱ्हायलो. आता तिच्या पोटचं बी माझ्याम्होरं मारतीस? नगं, बाय. आपल्यात जुळ्यातलं येक कुनी टाकीत न्हाई. देवाला बघू दे.”

*

देवानं बघायला एकच दिवस होता. घोडीचा गर्भ सोळाव्या दिवसापर्यंत एका जागी थांबत नाही. तो कुशीभर लोळत फिरतो, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, जणू प्रत्येक भिंतीला सांगत सुटतो की मी आलोय. तो हे नेमकं कसं सांगतो ते अजून विज्ञानाला कळलेलं नाही. सांगितलं नाही तर मात्र आईचं शरीर त्याला ओळखत नाही आणि टाकून देतं. सोळाव्या दिवशी तो एका जागी रुततो. दोघं शेजारी शेजारी रुतले की मग एकाला हात लावताना दुसऱ्यालाही धक्का लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षदानं गुजरीला खोड्यात घेतलं. दोन्ही गोळे अजून वेगळे होते. एक कुशीच्या उजव्या फाट्यात, एक मधोमध. तिनं असे कितीतरी दाबले होते, शर्यतीच्या घोड्यांचे, मोठ्या मोठ्या मालकांचे. फुटताना बोटाला हलका झटका बसतो. कधी त्याचा विचारही तिनं केला नव्हता.

बोट गोळ्यावर होतं. बाहेर फाटकापाशी आबा बसले होते. रात्रभर तिथंच घोंगडीवर झोपले होते म्हणे, आणि सकाळी रखवालदाराला चहा पाजून सांगत होते, की माझ्या लेकीनं जुळं आणलंय. ते तिला आतपर्यंत ऐकू येत होतं. तिला बापाच्या हाताची ऊब डोक्यावर अजून जाणवत होती. दाबलं तर एक शिंगरू मिळेल आणि तो हात जाईल, हे तिला स्पष्ट दिसत होतं. न दाबलं तर काय होईल तेही दिसत होतं, पण ते आठ महिने लांब होतं. जवळचं सुख आणि लांबचं मरण, यांत माणूस काय निवडतो ते सांगायला शास्त्र लागत नाही.

तिनं हात बाहेर काढला.

निमकर सरांना तिनं सांगितलं, “दोन्ही चिकटलेत, सर. दाबलं तर दोन्ही जातील.”

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “काल तर वेगळे होते.”

“रात्रीत सरकले.”

“अगं, घोडीतलं जुळं म्हणजे काय ते तुला मी सांगायचं?” त्यांनी नोंदवही मिटली. “ठीक आहे. तुझा हात, तुझा निर्णय.”

*

चौथ्या महिन्यात गुजरीच्या पोटाला पट्टा बांधला. ते केंद्राचं नवं यंत्र होतं. पोटातल्या काळजांचे ठोके पट्टा ऐकायचा आणि फोनवर पाठवायचा. हर्षदानं ते आबांच्या फोनवर टाकून दिलं. आईचा ठोका जड आणि संथ, पिलांचे त्याच्या तिप्पट घाईचे. ऐकून ऐकून आबा तिन्ही वेगवेगळे ओळखू लागले.

दसरा झाला आणि कळप मावळाच्या वाटेला लागला. आबांनी फोन कमरेच्या पिशवीत ठेवला, आणि प्रत्येक तळावर काम आवरलं की बाया-माणसं गोळा करून कानाला लावायला द्यायचे. “ह्यो मोठा. ह्यो बारका. बारका जरा तिखट हाय, आईवर गेलाय.” त्यांनी अंबाडीच्या दोराच्या, तोंडाला बांधायच्या दोन म्होरक्या वळल्या. तोंडं बारीक, शिंगरांच्या मापाच्या.

पट्टा बांधल्यापासून ते रोज हर्षदाला फोन करत होते. सात वर्षांचं साठलेलं सगळं बोलायचे. आज ओढ्याला पानी हाय, आज लांडगा दिसला, धुळ्याची बायकू रुसलीय. कळप इकत घ्याया मानूस आलता, त्याला सांगितलं, दोन घोडी यायची हायत, आता कशाला इकतू? त्या चार-पाच महिन्यांत हर्षदाला बाप मिळाला. एवढा तर तिला लहानपणीही मिळाला नव्हता.

आणि रोज फोन ठेवला की ती पडद्यावरच्या, दोघांच्या वाढीच्या दोन रेषा बघायची. सातव्या महिन्यात बारक्याची रेष आडवी झाली. वाढ थांबली होती. मोठाही वयाच्या मानानं लहानच होता. आता एकाच्या काळजात सुई घालून त्याला थांबवणं कागदावर शक्य होतं, पण त्यात दोन्ही जाण्याचीच भीती जास्त. शिवाय तसं करायचं तर आबांना काय सांगायचं? ‘बारका तिखट हाय’ म्हणणाऱ्या माणसाला? तिनं रोजच्या फोनवर एकदाही हा विषय काढला नाही. आबा विचारायचे, “समदं ठीक हाय न्हवं?” ती म्हणायची, “ठीक आहे, आबा.”

कार्तिक संपता संपता फोन आला. आबा कुठल्याशा डोंगराच्या कुशीत होते.

“हर्षे, सकाळधरनं येकाचाच आवाज येतोय. बारक्याचा येत न्हाई.”

हर्षदा पडद्यासमोरच बसली होती. बारक्याच्या ठोक्यांची रेष पहाटेच संपली होती.

“हितं डोंगरात रेंज कमी हाय,” आबा म्हणाले. “त्याचाच घोटाळा आसंल न्हवं?”

खरं सांगायची ही वेळ होती. ती म्हणाली, “रेंजचंच असेल.”

“मंग वर टेकाडावर जाऊन बघतो,” आबा म्हणाले. सत्तरीचा म्हातारा हातात फोन उंच धरून टेकाड चढू लागला. संध्याकाळपर्यंत तो तीन टेकाडं चढला, असं धुळ्यानं नंतर सांगितलं.

*

गुजरी दुसऱ्या दिवशी दुपारी गाभडली. बारका आधी आला, वाळका, कुत्र्याच्या पिलाएवढा. मोठा मागून आला. तो जिवंत होता. अंगावर केस नव्हते, फक्त पापण्या आणि आयाळीच्या जागी मऊ लव. खुरांना पिवळट मऊ गादी होती. पोटात असताना आईची कूस फाटू नये म्हणून ती असते आणि शिंगरू चालायला लागलं की झिजून जाते. त्यानं चार-पाच वेळा श्वास घेतला, पुढचा एक पाय हलवला. हर्षदानं त्याला टॉवेलात धरून नाकाला ऑक्सिजन लावला. त्याच्या फुप्फुसांना अजून तीन महिने हवे होते. ते तिच्यापाशी नव्हते. टाकीतही काही उरलं नव्हतं. ती जागा मार्चमध्येच रिकामी केली होती.

तेल गेलं, तूप गेलं, असं धुळा फोनवर म्हणाला आणि मग आपण काय बोललो ते कळून त्यानं घाईनं फोन ठेवला.

आबा मिळेल त्या गाडीनं आले. हर्षदानं दोघांना पुरायचं थांबवलं होतं. आबांनी टॉवेल उघडून दोन्ही बघितली. मोठ्याच्या कपाळावरून बोट फिरवलं, कानामागं, खालच्या ओठावर. जनावर विकत घेताना बघतात तसं सगळं बघितलं.

“पाखरीचंच तोंड हाय,” ते म्हणाले.

मग बापलेकींनी मिळून खड्ड्यावर माती लोटली. हात धुऊन ते पायरीवर बसले. हर्षदानं चहा आणला, तो त्यांनी घेतला नाही.

“तवा येक काढलं आसतंस,” आबांनी विचारलं, “तर ह्यो जगला आसता?”

खोटं बोलायला फार थोडे शब्द लागत होते. सांगता येत नाही, आबा. एवढंच म्हणायचं. तिनं आधी खोटं सांगून पाहिलं होतं, एकदा निमकर सरांना आणि मग रोज फोनवर आबांना. आता जीभ उचलेना.

“हो,” ती म्हणाली. “जगला असता.”

आबांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी समोर बांधलेल्या गुजरीच्या रिकाम्या पोटाकडं बघितलं.

“पाखरीला सुई मारलीस,” ते म्हणाले, “तवा मला इचारलं न्हवतंस गं.”

 “आबा, तुम्ही हात ठेवला होता...” एवढंच हर्षदा म्हणू शकली, आणि पुढचं तिला स्वतःलाच ऐकवेना.

आबांनी फोन काढून धुळ्याला लावला. “त्या मानसाला व्हय म्हन. समदी दे.” पलीकडं धुळा काहीतरी बोलत होता. “बारकी कोकरं बी दे. आता ठिवून काय करायचं?” त्यांनी फोन ठेवला. पिशवीतून दोन म्होरक्या काढल्या, उलटसुलट करून बघितल्या आणि परत आत टाकल्या. “दोर चांगला हाय. शेरडाला हुईल कुनाच्या.”

उठताना त्यांनी फोन हर्षदापुढं धरला. “आन् ह्ये ठोक्याचं काढून टाक. माझ्यानं निघत न्हाई. सारकं संपर्क न्हाई, संपर्क न्हाई म्हनतंय.”

तिनं फोन घेतला. पडद्यावर प्रश्न आला : नक्की काढायचं? यातली सर्व नोंद कायमची जाईल. आबा बाजूला उभे राहून बघत होते. त्यांनी काही सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. अंगठा ठेवला आणि दाबला.